परमाडेथ खेळायचंय? आधी लाईटीचा बंदोबस्त करा

रोल-प्लेइंग गेममध्ये कॅरेक्टर मेलं की आपला हात आपोआप मागच्या सेव्हकडे जातो. परमाडेथमध्ये ती वाट बंद असते. मेलेलं कॅरेक्टर कायमचं गेलं. त्याची लेव्हल, तलवार, पन्नास तासांची कमाई, सगळं त्याच्यासोबत गेलं. सेव्ह एकच असतो, तो गेम स्वतःच लिहितो, आणि तुमची चूक झाली की त्यावर ती चूकही लिहून मोकळा होतो.

आपल्या खान्देशात हा प्रकार एकदा करून बघून सोडून दिलेली भरपूर पोरं आहेत. कारण विचारलं तर ड्रॅगनचं नाव क्वचितच निघतं. लाईट गेली आणि फाइल उडाली, लॅपटॉप तापून बंद पडला, लढाईच्या ऐन मधे नेट गेलं, हेच ऐकायला मिळतं. अशा मरणातून शिकण्यासारखं काहीच नसतं, नुसता संताप उरतो. परमाडेथची खरी गोडी तेव्हाच कळते, जेव्हा प्रत्येक मरण तुमच्या स्वतःच्या निर्णयातून आलेलं असतं. म्हणून या लेखाचा क्रम थोडा वेगळा आहे. आपल्या हातात नसलेली मरणं आधी बाजूला काढू, मग स्वतःचे नियम ठरवू, आणि तलवार त्यानंतर उचलू.

सुरुवातीला प्रकार समजून घ्या, कारण प्रत्येकाची तयारी वेगळी आहे. पहिला प्रकार पूर्ण परमाडेथ: एक कॅरेक्टर, मेलं की खेळ पहिल्यापासून. 1980 साली आलेल्या ‘रोग’ने हे रुजवलं; त्यात सेव्ह लोड झाला की फाइलच पुसली जायची. ‘नेटहॅक’ (1987) त्याच घराण्यातला, आणि ‘डायब्लो 2’चा (2000) हार्डकोअर मोडही याच जातीचा. दुसरा प्रकार टोळीचा: खेळ चालू राहतो, पण मेलेला साथीदार परत येत नाही. ‘फायर एम्ब्लेम’ 1990 पासून हे करतोय. तिसऱ्यात मरण कायमचं नसतं, पण सेव्ह कुठेही, कधीही करता येत नाही. 1986 च्या मूळ जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये प्रगती टिकवायची तर राजाकडे परत जाऊन त्याच्याकडून पासवर्ड घ्यावा लागायचा. आजच्या गेममध्ये त्या राजाच्या जागी पलंग, शेकोटी किंवा दारूची बाटली असते.

पहिली पायरी: लाईट, ऊन आणि नेट

साध्या गेममध्ये लाईट गेली तर फार तर शेवटचा सेव्ह बिघडतो. मागचे नऊ शाबूत असतात. एकाच सेव्हवर चालणारा गेम तीच फाइल पुन्हा पुन्हा लिहितो. लिहिता लिहिता करंट तुटला तर ती अर्धवट राहू शकते, आणि मागे दुसरी काहीच नसते. अनेक गेम आधी तात्पुरती फाइल लिहून मग जुनीच्या जागी ठेवतात, त्यामुळे प्रत्येक वेळी नुकसान होतंच असं नाही. पण पन्नास तासांचं कॅरेक्टर त्या भरवशावर सोडू नका.

डेस्कटॉप असेल तर घरचा इन्व्हर्टर बघा. लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला त्याला थोडा वेळ लागतो. पंखा, बल्ब यांना तो जाणवत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात रीस्टार्ट होतो. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढच्या पॅनेलवर यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू केलं की बदल खूप लवकर होतो. त्यात एक अडचण आहे. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज थोडं पडलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. मळ्यातल्या घरी थ्री फेज आली, आजूबाजूचे पंप सुरू झाले की लाईट डिम होते. अशा वेळी बॅटरी नकळत उतरत राहते. तिथे कॉम्प्युटरपुरता वेगळा छोटा यूपीएस घ्या. बाजारात सहज मिळणारा 600 व्हीएचा पुरतो. ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन त्यावर काही मिनिटंच टिकेल, पण आपल्याला तेवढीच हवी आहेत: लढाईतून मागे फिरायचं, गेममधून नीट बाहेर पडायचं, शटडाउन करायचं. त्या यूपीएसवर प्रिंटर किंवा स्पीकर लावू नका.

लॅपटॉपवाल्यांना लाईटीची चिंता कमी, उन्हाची जास्त. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा 44-45 च्या पुढे जातो, आणि खोलीतली हवाच इतकी गरम असते की लॅपटॉपच्या पंख्याला थंड करायला काही उरत नाही. मशीन आधी वेग कमी करतं, फ्रेम अडखळायला लागतात, आणि मग एकदम बंद पडतं. आखाजीच्या सुट्टीत भर दुपारी हार्डकोअर खेळणं म्हणूनच टाळा; सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बसा. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट 30 किंवा 40 वर बांधा. टर्न-बेस्ड (पाळीपाळीने चालणाऱ्या) गेमला त्याहून जास्त लागतच नाही आणि मशीन लक्षात येईल इतकं थंड राहतं. गादीवर ठेवू नका. कूलरच्या थेट झोतातही नको, त्या हवेत पाण्याचे तुषार असतात. कापूस, मका निघायच्या दिवसांत गावात धूळ फार उडते, तेव्हा लॅपटॉपच्या जाळ्या ब्रशने साफ करत चला.

नेटबद्दल माझं मत ठाम आहे. ‘पाथ ऑफ एक्झाइल’, ‘डायब्लो 4’ यांसारखे ऑनलाइन गेम हार्डकोअरमध्ये खेळायचे तर राउटरही बॅटरीवर हवा. घरात लाईट गेली की फायबरचा राउटर पण जातो, आणि तुम्ही तुटलात तरी सर्व्हरवरचा तुमचा माणूस काही क्षण राक्षसांच्या मधे तसाच उभा राहू शकतो. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस वेगळा मिळतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे गेम हार्डकोअरमध्ये खेळूच नका. ऑफलाइन परमाडेथचे उत्तम गेम आहेत, ते घ्या.

फोनवर खेळणाऱ्यांनी बॅटरी ऑप्टिमायझेशनच्या यादीतून गेम वगळावा. आणि बंद करताना स्वाइप करून उडवण्याऐवजी गेमच्या मेनूत जाऊन बाहेर पडावं.

दुसरी पायरी: नियम आधी, कागदावर

बॅकअप ठेवायचा की नाही, यावर परमाडेथवाल्यांत कायम वाद असतो. काहींच्या मते सेव्हची कॉपी काढली म्हणजेच लबाडी. आपल्या भागात लाईट ज्या तऱ्हेने जाते ते बघता बॅकअप ठेवावाच असं मला वाटतं. फक्त तो कधी वापरायचा, हे कॅरेक्टर तयार करायच्या आधी ठरलेलं हवं. मेल्यानंतर ठरवायला बसलात तर मन हवी ती पळवाट शोधून काढतं.

नियम दोन ओळींत मावतो. लाईट, हीट किंवा क्रॅशमुळे फाइल उघडतच नसेल, तर बॅकअप चालेल. मरण स्क्रीनवर दिसलं असेल, तर नाही. गेममधल्या बगमुळे मेलात तर काय, तेही आताच लिहा. बग उघड आणि निर्विवाद असेल तर मी तो मशीनच्या खात्यात टाकतो. “हिटबॉक्स (वार लागायची अदृश्य चौकट) चुकीचा होता” ही तक्रार मात्र मोजत नाही.

पद्धत अशी. त्या दिवसाचं खेळणं संपलं की गेम पूर्ण बंद करा, सेव्हचा फोल्डर तारीख टाकून दुसरीकडे कॉपी करा. गेम चालू असताना कॉपी काढू नका, अर्धवट फाइल येऊ शकते. शेवटच्या दोन-तीन कॉपी ठेवा, जुन्या उडवा. स्टीम क्लाउड (सेव्ह नेटवर ठेवायची स्टीमची सोय) चालू असेल तर लाईट गेल्यानंतर पुन्हा सुरू करताना तो विचारू शकतो, क्लाउडची फाइल घ्यायची की कॉम्प्युटरवरची. घाईत बटण दाबू नका, दोन्हींची वेळ वाचा. कॉम्प्युटरवरच्या फाइलचीही एक कॉपी काढून ठेवा आणि मगच निवडा.

आणि कॅरेक्टर खरोखर मेलं त्याच दिवशी त्याचे सगळे बॅकअप डिलीट करा. राहिले तर आठवडाभराने हात तिकडे जातोच.

तिसरी पायरी: पहिला गेम छोटा आणि फुकट

सुरुवात ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ने करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. अँड्रॉइडवर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, नेट लागत नाही, साध्या फोनवरही पळतो. मूळ ‘पिक्सेल डंजन’ 2012 चा. त्याच्या सोर्स कोडवरून 2014 मध्ये हा निघाला आणि आजही सुधारत असतो. एकूण 26 मजले, दर पाचव्या मजल्यावर बॉस. सगळा खेळ टर्न-बेस्ड: तुम्ही हललात तरच जग हलतं. मधेच आईने हाक मारली, फोन आला, तरी कॅरेक्टरला काही होत नाही. नवख्या खेळाडूची दौड बहुतेक पहिल्या काही मजल्यांतच संपते, म्हणजे मरण स्वस्त पडतं आणि शिकणं लवकर होतं.

कॉम्प्युटर असेल तर ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’ घ्या. 2006 पासून चालू आहे, फुकट आहे, डाउनलोड करून ऑफलाइन खेळता येतो. ‘नेटहॅक’ही फुकट आहे, पण त्यात इतक्या आडवळणाच्या गोष्टी माहीत असाव्या लागतात की पहिला गेम म्हणून मी तो देणार नाही.

आधी एकदाही पूर्ण न केलेला मोठा गेम थेट परमाडेथमध्ये सुरू करू नका. पुढे कोणती लढाई आहे हेच माहीत नसेल तर तयारी कशाची करणार?

चौथी पायरी: दार, खेकडा आणि गू

‘शॅटर्ड’चे पहिले पाच मजले नीट खेळता आले तर परमाडेथचं निम्मं शिक्षण झालं. तिथे काय शिकायचं, ते जरा जवळून बघू.

पहिल्या मजल्यांवर साप भेटतो. त्याची हेल्थ नगण्य आहे, पण समोरासमोर मारलेले वार तो एकामागून एक चुकवतो आणि नवखा खेळाडू चिडून वार करत राहतो. इथे दार वापरायचं असतं. बंद दारातून दिसत नाही. तुम्ही दार ओलांडून पलीकडे या, दाराला लागून असलेल्या घरात (जमिनीवरच्या चौकोनात) उभे राहा आणि थांबा. साप पाठलाग करत दारात पाऊल टाकतो, त्या क्षणी वार करा. शत्रूला तुम्ही दिसत नसताना केलेला वार हुकत नाही. बहुतेकदा एका फटक्यात काम होतं. हीच युक्ती पुढे उंदराला, नॉलला, आणि खालच्या मजल्यांवरच्या कितीतरी मोठ्या जनावरांना चालते. म्हणून नव्या खोलीत शिरलात की सोनं कुठे आहे हे बघायच्या आधी दार कुठे आहे ते बघा.

नंतर खेकडा येतो. त्याचा वेग तुमच्या दुप्पट. त्याच्यापासून पळालात तर तो पाठीत वार करत येतो, आणि पळण्यात गेलेली प्रत्येक टर्न फुकट जाते. पळायचा निर्णय खेकडा दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. हेल्थ कमी असताना पुढच्या खोलीचं दार उघडायचंच नाही, हा निर्णय आधी घ्यावा लागतो.

पाचव्या मजल्यावर गू नावाचा चिकट गोळा बसलेला असतो. मधूनच तो फुगायला लागतो आणि गेम तसं लिहून सांगतो. नवखा म्हणतो, अजून एक वार मारून घेऊ. तोच वार जीव घेतो, कारण फुगल्यानंतरचा त्याचा तडाखा नेहमीपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि दोन घरं लांबपर्यंत पोचतो. फुगला की वार थांबवा, लांब व्हा किंवा खांबाआड जा, तडाखा वाया जाऊ द्या, मग परत या. शिवाय तो पाण्यात उभा असताना त्याची हेल्थ भरत राहते, म्हणून लढाई कोरड्या जमिनीवर ओढा.

आता पोशन, म्हणजे जादूच्या बाटल्या. कोणत्या रंगाचं काय, हे दर खेळाला बदलतं, आणि न ओळखलेल्या बाटलीत औषधही असतं, आगही, विषारी वायूही. हेल्थ उतरलेली, शत्रू समोर, आणि आशेने अनोळखी बाटली तोंडाला लावली, असं मरण सर्रास दिसतं. बाटल्या शांततेत तपासा: हेल्थ पूर्ण, आसपास कोणी नाही, वायू निघाला तर बाहेर पडायला दार जवळ, आग लागली तर विझवायला पाणी जवळ. दर पाच मजल्यांत ताकदीची दोन पोशन आणि अपग्रेडचे तीन स्क्रोल मिळतात, म्हणून मजले पूर्ण धुंडाळल्याशिवाय खाली उतरू नका. अपग्रेड एका चांगल्या चिलखतावर किंवा हत्यारावर साठवा, पाच वस्तूंत वाटू नका.

‘क्रॉल’ खेळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जिन्याने मजला बदलला की तुमच्याबरोबर फक्त लगतच्या घरातले शत्रू येतात. पाच जणांच्या टोळीतून एकटा-दुकटा वर ओढून आणायचा हा सगळ्यात चांगला मार्ग. दुसरी गोष्ट टॅब. ते बटण दाबलं की आपोआप जवळच्या शत्रूवर हल्ला होतो. बोट त्यावर बसलं की टर्न मोजल्या जात नाहीत आणि हेल्थ कधी उतरली ते कळत नाही. अनोळखी नाव दिसलं की टॅब सोडा आणि त्या शत्रूची माहिती उघडून वाचा.

आणि कुठल्याही गेमला लागू पडणारी सवय: हेल्थ निम्म्यावर आली की हात कीबोर्डवरून काढा. पाणी प्या. मग बॅग उघडून एकेक वस्तू वाचा. टर्न-बेस्ड गेममध्ये हा विचार फुकट असतो, आणि निम्म्या हेल्थवर पळायला, टेलिपोर्ट व्हायला, औषध प्यायला वाव असतो. पाव हेल्थवर तो उरत नाही.

पाचवी पायरी: सेव्ह मोजून वापरायचा असेल तेव्हा

‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (2018) हे याचं माझं आवडतं उदाहरण. सेव्ह करायला सेव्हियर श्नाप्स नावाची दारू प्यावी लागते. ती विकत घ्या किंवा नेटल नावाची खाजरी वनस्पती आणि बेलाडोना वापरून स्वतः बनवा. जास्त प्यायलात तर गेमचा नायक हेन्री याला चढते. स्वतःच्या पलंगावर झोपलं की फुकट सेव्ह होतो, आणि महत्त्वाच्या कामांच्या टप्प्यांवर गेम स्वतः सेव्ह करतो. गेम आला तेव्हा बाहेर पडताना सेव्हची सोय नव्हती, ती नंतरच्या अपडेटमध्ये दिली. अपडेट नक्की टाका. लाईट जाणार असेल तेव्हा तीच कामाला येते.

अशा गेममध्ये नवखे सेव्ह धोक्याच्या तोंडावर करतात. माझा क्रम उलटा आहे: कमाई झाली की सेव्ह. अवघड चोरी जमली, लांबचा प्रवास सुखरूप झाला, महागाची वस्तू हाती आली, तेव्हा बाटली उघडा. “आत्ता मेलो तर परत काय काय करावं लागेल” याची यादी मनात करा. ती वाचून कंटाळा आला तर सेव्हची वेळ झाली. जखमी असताना, पहारेकरी मागे लागलेले असताना सेव्ह करू नका, नाहीतर त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा उठाल. ‘फॉलआउट 4’च्या सर्व्हायव्हल मोडमध्ये मुख्यतः झोपल्यावर सेव्ह होतो, त्यामुळे तिथे नकाशावरचे पलंग लक्षात ठेवा आणि मोहिमा एका पलंगापासून दुसऱ्यापर्यंत आखा.

सहावी पायरी: टोळीतला माणूस जातो तेव्हा

‘फायर एम्ब्लेम’मध्ये 2010 पासून कॅज्युअल मोड आला, त्यात मेलेला पुढच्या लढाईत परततो. क्लासिक मोड निवडलात तर शत्रूंची पोच दाखवणारं बटण कायम चालू ठेवा. पंखवाल्या घोड्यावरची योद्धी तिरंदाजाच्या टप्प्यात एक घर जरी गेली तरी कायमची गेलीच समजा.

‘डार्केस्ट डंजन’ (2016) सतत स्वतः सेव्ह करतो, मागे जायची सोय नाही. हेल्थ शून्यावर आली की हिरो लगेच मरत नाही, मरणाच्या दारात उभा राहतो. त्यानंतरच्या प्रत्येक फटक्याला जीव जाण्याची शक्यता असते. तेव्हा एक हेल्थ जरी वाढवली तरी तो दारातून मागे येतो, म्हणून वैद्याची पाळी आधी त्याला द्या. मोहीम सोडून परत येणं हा पराभव मानू नका. चार हिरो जिवंत असतील तर पुढच्या आठवड्याला काम आहे. आणि सगळा पैसा एकाच लाडक्या चौकडीवर लावू नका, दुसरी फळी तयार ठेवा.

सातवी पायरी: मेल्यानंतरची नोंद

“काय भो, परत पहिल्यापासून?” असं शेजारी बसलेला मित्र विचारणारच. त्याला थांबवा आणि आधी बॅग बघा. ‘शॅटर्ड’मध्ये रँकिंगच्या पानावर मेलेल्या हिरोचं सामान दिसतं. ‘क्रॉल’ प्रत्येक मरणाची टेक्स्ट फाइल बनवून ठेवतो, त्यात शेवटचे संदेश, सामान, आसपासचा नकाशा, सगळं असतं.

वहीत चार गोष्टी लिहा: कुठल्या मजल्यावर, कोणी मारलं, जीव वाचवू शकली असती अशी कोणती वस्तू बॅगेत पडून होती, आणि कुठल्या टर्नला वेगळा निर्णय घेता आला असता. चौथीवर वेळ घालवा. शेवटचा फटका हे कारण जवळजवळ कधीच नसतं. निर्णय त्याच्या दहा-वीस टर्न आधी झालेला असतो, दार उघडताना किंवा जिना उतरताना. काही मरणं लिहून झाली की तीच तीच ओळ परत यायला लागते. पुढच्या खेळात फक्त त्या एका ओळीवर लक्ष ठेवा, बाकी सवयी तशाच राहू द्या.

त्यानंतर मोठा गेम

‘शॅटर्ड’चा दहावा मजला नेहमी गाठता यायला लागला, की ‘बाल्डर्स गेट 3’च्या ऑनर मोडचा विचार करा. नोव्हेंबर 2023 मध्ये तो आला. सेव्ह एकच, बॉसना जादा चाली, आणि पूर्ण टोळी पडली की दौड संपली. नंतर पुढे खेळता येतं, पण ऑनर मोड निघून जातो. गेम आधी साध्या मोडमध्ये एकदा पूर्ण केलेला असावा.

यातला कळीचा शब्द ‘पूर्ण’ टोळी आहे. एक साथीदार जरी लढाईबाहेर जिवंत राहिला तरी दौड वाचते, कारण तो कॅम्पवर जाऊन विदर्स नावाच्या पात्राला 200 सोन्याची नाणी देऊन बाकीच्यांना उठवू शकतो. म्हणून मोठ्या लढाईआधी एकाला गटातून वेगळा करा, लांब उभा ठेवा, आणि नाणी त्याच्याकडेच द्या. कड्याच्या काठावर कोणालाही उभं करू नका. शत्रू ढकलतात, आणि खोल दरीत पडलेला तिथल्या तिथे मरतो. पाच-सहा तासांची सलग बैठक नको. बॉसच्या दारापर्यंत पोचलात आणि डोळे जड झाले, तर तिथेच बाहेर पडा, कॉपी काढा, आणि लढाई उद्या सकाळी, लाईट असताना करा.